बाबांची मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढायचीय, पिशवीला भोक पडू नये म्हणून आधी काय बघून घ्यायचं?

इचलकरंजीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे, इचलकरंजीला आईसोबत असतात, मी पुण्यात. गेल्या महिन्यात त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत-बिखत काही नव्हतं म्हणून चार दिवस कुणाला बोललेच नाहीत, आईने विचारलं तर म्हणे बीट खाल्लं असेल (घरात बीट आलंच नव्हतं). आठवड्याने परत गेलं तेव्हा आईने मला फोन केला. सोनोग्राफीत गाठ दिसली, मग सीटी झाला, त्यात डाव्या बाजूच्या भिंतीवर २.८ सेंटीमीटरची गाठ, एकच, किडन्या ठीक आणि बाहेर काही पसरलेलं दिसत नाही असं लिहिलंय. डॉक्टरांनी कागदावर टीयूआरबीटी लिहून दिलंय, म्हणजे लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून गाठ कापून काढायची, पोटावर चीर नाही, दोन-तीन दिवसांत घरी.

बाबांना शुगर आहे १२ वर्षं. तीन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसवलाय, त्याची रक्त पातळ करायची कॅप्सूल रोज चालू. बिडी १५ वर्षांपूर्वी सोडली असं ते सांगतात, आई म्हणते १०. नोकरी सगळी सूत रंगवायच्या प्रोसेसमध्ये गेली.

आता खरी भीती सांगते. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, मध्येच पिशवीला भोक पडलं, मग पोट उघडावं लागलं, १५ दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले होते 'पेशंटचा पाय उडाला'. कमरेखाली भूल दिलेल्या माणसाचा पाय उडेल कसा? आम्हाला तेव्हा सगळ्यांना वाटलं की टोलवाटोलवी चाललीय. काकांची गाठ पण बाजूच्या भिंतीवरच होती आणि आता बाबांची पण, म्हणून झोप उडालीय. सर्जनना विचारलं तर म्हणाले छोटं ऑपरेशन आहे, काळजी करू नका. बाहेर २० पेशंट ताटकळलेले, पुढे विचारवेना मला.

ज्यांना यातलं कळतं किंवा ज्यांच्या घरी झालंय त्यांनी सांगा, कुठल्या गोष्टी आधी बघून घ्यायच्या, काय विचारायचं आणि कुणाला. ऑपरेशन अजून १२ दिवसांनी आहे.

---

भूलवाला_नाशिककर

ताई, त्या काकांच्या डॉक्टरांनी टोलवाटोलवी केली नव्हती. पाय खरंच उडतो. फक्त 'पेशंटने उडवला' असं कुणी म्हटलं असेल तर ते चूक, पेशंटचा बिचाऱ्याचा त्यात काही हात नसतो. आणि पायसुद्धा नसतो म्हणा.

मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंची एक नस असते, ऑब्च्युरेटर नर्व्ह. ती कमरेतून निघून मांडीत उतरताना मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीला खेटून जाते. सर्जन आतून तारेच्या कडीत करंट सोडून गाठ कापत असतो. गाठ बाजूच्या भिंतीवर असली की तो करंट भिंतीपलीकडच्या या नसेला लागतो आणि मांडी खाडकन आत येते. मणक्यातलं इंजेक्शन (स्पायनल) असतं की, मग कसं? तर ते इंजेक्शन नसेला वर मुळाशी बंद करतं, करंट लागतो खाली वाटेत. घरातला मेन स्विच बंद केला आणि कुणी खालून पंख्याच्या वायरला थेट बॅटरी जोडली तर पंखा फिरणारच. पेशंट माझ्याशी निवांत गप्पा मारतोय आणि पाय उडतोय असं मी कितीदा पाहिलंय, त्याला स्वतःला कळतसुद्धा नाही. त्या क्षणी तार भिंतीत रुतलेली असली तर ती आरपार जाते. काकांचं बहुधा हेच झालं असणार.

आता उपाय. बाजूच्या भिंतीची गाठ असेल तर मी स्पायनलसोबत त्या बाजूच्या ऑब्च्युरेटर नसेला वेगळा ब्लॉक देतो. जांघेच्या जरा खाली, मांडीच्या आतल्या अंगाला, सोनोग्राफीचं मशीन लावून नस शोधायची आणि १०-१५ मिली बधिर करायचं औषध सोडायचं. सुईच्या टोकाला छोटा करंट देणारं एक यंत्र असतं, ते लावलं की स्पायनल चढलेला असतानाही मांडी टकटक उडते, औषध सोडलं की बघता बघता थांबते. तुमच्यासारखे नातेवाईक 'भूल दिल्यावर पाय कसा उडेल' विचारतात तेव्हा वाटतं की यांना आत बोलवावं आणि हेच दाखवावं. या नसेच्या दोन फांद्या असतात, पुढची आणि मागची, एक राहिली की ब्लॉक अर्धवट. म्हणजे शंभर टक्के खात्री मी पण देणार नाही, पण ब्लॉक न देता केस करणं आणि देऊन करणं यात फार फरक आहे.

दुसरा रस्ता पूर्ण भूल देऊन सोबत स्नायू ढिले करायचं औषध. नुसतं झोपवून भागत नाही, झोपेतही पाय उडतो, स्नायूच ढिले पाहिजेत. बाबांचं हृदय बघता कुठलं बरं ते तुमचे भूलतज्ज्ञ ठरवतील. आणि हे सगळं सर्जनना नाही, भूलतज्ज्ञांनाच विचारा. आपल्याकडे लोक सर्जनला दहा वेळा भेटतात आणि भूलवाल्याचं तोंड थेट टेबलवर बघतात. ऑपरेशनच्या आधी तपासणीला बोलावतात तेव्हा वाक्य एकच, 'गाठ डाव्या भिंतीवर आहे, ऑब्च्युरेटर ब्लॉक देणार का?' कुणी रागावणार नाही. रागावलं तर आमच्याकडे नाशिकला या :)

रक्त पातळ करायच्या कॅप्सूलचं नीट बघा. पुष्कळदा एकाच कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात, ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करावी लागते, आतल्या रक्तस्रावासाठीही आणि मणक्यात सुई घालायची म्हणूनही. ऍस्पिरिन ७५ मात्र स्टेंटवाल्याची बहुतेक वेळा चालूच ठेवतात. मग लोक काय करतात, 'गोळी बंद करा' ऐकलं की अख्खी कॅप्सूल बंद, म्हणजे दोन्ही बंद, आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली तर लघवीचं राहिलं बाजूला. हृदयाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा की कुठली बंद, कुठल्या तारखेपासून, आणि परत कधी सुरू. स्वतःच्या मनाने एक दिवसही नाही.

शुगरच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का ते पण बघा, हल्ली सगळ्यांनाच देतात. असेल तर आम्ही तीन दिवस आधी थांबवायला सांगतो, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साठतं आणि गंमत म्हणजे शुगर जवळपास नॉर्मल दिसत असते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. थांबवायची पण डॉक्टरांना विचारूनच.

---

हिरवागार_वैद्य

एवढ्या भानगडीत पडताच कशाला. माझ्या मामांना असंच रक्त जायचं, गोखरूचा काढा तीन महिने घेतला, एकदम बंद. ऑपरेशनने गाठ चवताळते हे सगळ्यांना माहीत आहे.

---

ओटी_सिस्टर

वैद्यबुवा, मामांची गाठ होती की खडा होता? या गाठीचं रक्त काही न करताही थांबतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत जातं. तेवढ्या दिवसांत जो काढा चालू असेल त्याला श्रेय. असे 'बरे झालेले' पेशंट वर्षाने आमच्याकडे येतात तेव्हा गाठ स्नायूत उतरलेली असते आणि मग पिशवीच काढायची वेळ. ताई, तुम्ही थांबू नका.

मी मुंबईत सरकारी हॉस्पिटलात युरॉलॉजी ओटीला १९ वर्षं आहे. डॉक्टरांनी भुलेचं सांगितलं, मी जे रोज बघते ते सांगते.

पहिलं लघवीचं कल्चर. साधी तपासणी नव्हे, कल्चर. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात म्हणून आजच करून घ्या, आदल्या दिवशी दिलं तर काय उपयोग. शुगरवाल्या पेशंटच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना ना ताप ना जळजळ, मग ऑपरेशनच्या वेळी आत प्रेशरने पाणी सोडतात, जखम उघडी, जंतू सरळ रक्तात. रात्री हुडहुडी भरून बीपी कोसळलेले पेशंट मी बघितलेत. कल्चरमध्ये काही आलं तर आठ दिवस पुढे ढकला म्हणतील, ढकलू द्या, भांडू नका त्यावरून. नमुना देताना पहिली धार सोडून मधली घ्या.

दुसरं, विचारा गाठ कापायचं मशीन बायपोलर आहे का, म्हणजे करंट टोकापाशीच जातो-येतो तसलं. जुन्या मोनोपोलर मशीनला आत सलाइन चालत नाही कारण सलाइनमधून करंट पसरतो, म्हणून ग्लायसीनचं पाणी वापरतात, कुठे कुठे नुसतं स्टराइल वॉटर. ते पाणी रक्तात जास्त शिरलं, आणि भोक पडलं असेल तर भराभर शिरतं, की रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भ्रमिष्ट होतो. बायपोलरला साधं सलाइन चालतं, हा धोका जवळजवळ जातो. पण बायपोलर म्हणजे पाय उडणारच नाही असं काही नाही हां, कमी उडतो म्हणतात, मी मात्र बायपोलरलाही टेबल हललेलं बघितलंय.

आता तुमच्या हातातलं सांगते. ऑपरेशननंतर तीन तोंडांची नळी असते, एका तोंडातून सलाइन आत जातं, दुसऱ्यातून रक्त धुऊन बाहेर येतं, तिसऱ्याने आतला फुगा फुगवलेला असतो. तुम्ही रात्री शेजारी बसणार तेव्हा बाबांच्या चेहऱ्याकडे नंतर, लघवी जमा होते त्या युरोबॅगकडे आधी बघायचं. सलाइन टपटप आत चाललंय आणि बॅगेत काही पडत नाही, म्हणजे रक्ताची गुठळी नळीत अडकलीय. पिशवी आतून फुगत जाते, पेशंट म्हणतो लघवीला लागलीय आणि नातेवाईक समजावत बसतात, 'बाबा, नळी घातलीय, तसंच वाटतं, झोपा'. अर्ध्या तासात तो घामाघूम. ताजी जखम असलेली पिशवी अशी टम्म फुगू द्यायची नसते! वरच्या सलाइनची चकती फिरवून बंद करायची आणि सिस्टरला हाक मारायची, हाकेला आली नाही तर जाऊन हाताला धरून आणायची. आम्ही मोठ्या सिरिंजने गुठळ्या ओढून नळी मोकळी करतो, पाच मिनिटांचं काम असतं. मात्र सिरिंज तुम्ही मारायची नाही.

रंगाचं कोकणी माप सांगते, मी मालवणची. फिकट कोकम सरबतासारखी लघवी चालेल. आगळासारखी घट्ट लाल झाली तर लगेच सांगायचं.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी रेशनकार्ड शोधायला गावी पळणारे खूप बघितलेत.

---

जयसिंगपूरकर

लेकी, मी तुझ्या बाबांच्या शेजारच्या गावचा म्हण. माझं दोनदा झालंय हे, पहिलं २०१९ ला. ऑपरेशन झ्याक झालं, तिसऱ्या दिवशी नळी काढली, पाचव्या दिवशी मी फिरायला लागलो. लघवी पांढरी फेक. मला वाटलं संपलं. दहाव्या-अकराव्या दिवशी ऊसाला पाणी कुठवर आलं बघायला बुलेट काढली, जायचं-यायचं मिळून बारा किलोमीटर आणि रस्ता कसला तो तुम्हाला म्हाईत हाय. संध्याकाळी लघवी लालभडक, रात्री गुठळ्या, आणि पहाटे लघवी पार बंद. पोट असं दगडावाणी. परत ऍडमिट, परत नळी, आणि घरच्यांच्या शिव्या वेगळ्या.

डॉक्टर म्हणाले आतली खपली त्या सुमाराला सुटते, तेव्हाच जपायचं असतं. तोवर माणूस मोकाट सुटलेला असतो. तेव्हा दोन-तीन आठवडे गाडी नको, घागर नको, पोतं नको. आणि पोट साफ पाहिजे, कुंथायचं नाही, मला इसबगोल दिलं होतं. पाणी भरपूर. एवढंच सांगतो, बाकी तुझे बाबा माझ्यापेक्षा शहाणे असतील. बिडी मी पण ओढत होतो, पहिल्या खेपेनंतर सुद्धा चोरून ओढली, दुसरी गाठ आली मग सोडली.

---

युरो_शिकाऊ

युरॉलॉजीचं शिकतोय, शेवटचं वर्ष. वरच्यांनी चांगलं सांगितलंय, माझ्याकडून सर्जनच्या बाजूचं.

काळजी फक्त भोक पडण्याची करू नका. या ऑपरेशनात दोन्हीकडून अडचण आहे, खोल कापलं तर भोक, भीतीने वरवर कापलं तर गाठीचं मूळ राहतं आणि कॅन्सर स्नायूत गेलाय का हे कळतच नाही. बायोप्सीत स्नायूचा तुकडा आलाच पाहिजे. म्हणून आम्ही वरची फुलकोबीसारखी गाठ आधी कापून एका बाटलीत, आणि मग बुडाचा तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवतो. रिपोर्ट आला की 'डेट्रुसर मसल प्रेझेंट' असं लिहिलंय का बघा. नसेल तर, किंवा टी-१ (अस्तराखालच्या थरात शिरलेला, पण स्नायूत न गेलेला) आला तर, दोन ते सहा आठवड्यांत परत एकदा आत जाऊन त्याच जागेवरून कापावं लागतं. टी-१ मध्ये दुसऱ्या वेळी तिनात एकाला तरी उरलेली गाठ सापडते, त्यामुळे 'परत ऑपरेशन म्हणजे पहिल्याने चूक केली' असं समजू नका. चांगला सर्जन स्वतःहून परत बोलावतो.

पाय उडण्याबद्दल सर्जन काय करू शकतो? पिशवी टम्म भरायची नाही. भरली की भिंत पातळ होते आणि त्या नसेच्या आणखी जवळ जाते, अर्धीच ठेवायची. करंट कमी ठेवायचा आणि सलग न कापता थोडं थोडं, टप् टप् करत कापायचं, पाय उडायच्या आधी मांडी जराशी थरथरली तरी करंटच्या पेडलवरून पाय काढायचा. माझ्या सरांनी मला पहिल्या केसला फक्त पेडल सोडायला शिकवलं. महिनाभर. कापायला नंतर. काही ठिकाणी लेसरने अख्खी गाठ एकसंध काढतात, होल्मियम किंवा थुलियम, त्यात करंटच नसल्यामुळे नस उडत नाही. असेल तर उत्तम, पण नुसत्या त्यासाठी शहर बदलायची गरज नाही, ब्लॉक आणि सावध हात असला की साध्या तारेनेही नीट होतं.

गाठ पिशवीच्या अगदी माथ्यावर असती तर वेगळी भानगड असते, तिथे कापताना तयार झालेला वायू आणि बाहेरून शिरलेली हवा साठते आणि क्वचित ठिणगीने आत भडका उडतो. क्वचित म्हणजे फारच क्वचित, पण म्हणून मी दर थोड्या वेळाने वरचा बुडबुडा काढून टाकतो. तुमच्या बाबांना हे लागू नाही, उगाच घाबरू नका, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

डाव्या भिंतीची गाठ खालच्या बाजूला असेल तर डाव्या किडनीची नळी जिथे पिशवीत उघडते ते तोंड जवळ असू शकतं. ते तोंड भाजलं तर नंतर आकसतं आणि किडनी सुजते. तिथे शेकायचं नाही, नुसतं स्वच्छ कापायचं. सर्जनना विचारा 'गाठ तोंडापासून किती लांब आहे', आणि जवळ असेल तर काही आठवड्यांनी सोनोग्राफी करून किडनी बघून घ्या. दुखत नाही म्हणून लोक हे विसरतात.

आणि समजा पडलंच भोक. शंभरात एक ते पाच जणांना पडतं. बहुतेक वेळा ते पोटाच्या पडद्याबाहेर, म्हणजे आतडी असतात त्या पोकळीबाहेर असतं, नळी जास्त दिवस ठेवली की आपोआप भरतं, पोट उघडावं लागत नाही. पडद्याच्या आत पडलं तर टाके घालायची वेळ येऊ शकते, काकांचं तसं असेल. पण भोक पडल्याची जरा जरी शंका असेल तरी एक गोष्ट करायची नाही, ऑपरेशननंतर पिशवीत सोडतात ते मायटोमायसिन सोडायचं नाही. ते औषध तरंगणाऱ्या गाठीच्या पेशी मारायला २४ तासांच्या आत देतात, शक्यतो पहिल्या काही तासांतच, पण पिशवीबाहेर गेलं तर आतले अवयव जाळतं. जास्त रक्त असेल तरी देत नाहीत. तेव्हा 'मायटोमायसिन दिलं नाही म्हणजे हलगर्जी' असा वाद घालू नका, कारण विचारा.

रंगाच्या कामाचं सर्जनना सांगितलंत का? सांगा. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने १८९५ सालीच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी दाखवून दिल्या होत्या. प्रोसेसमधल्या कुठल्या रंगात काय होतं हे आज शोधता येणार नाही, पण केसपेपरवर नोंद असावी. बाबांसोबत काम केलेल्या कुणाला लघवीतून रक्त जात असेल तर त्यांनाही बीट खाल्लंय म्हणू नका.

---

इचलकरंजीची_लेक

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. बीटवर बाबा पण हसले, मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. वैद्यांचं सोडून.

एक शंका. बायोप्सीत काही वाईट आलं तर बीसीजी द्यायचं असं डॉक्टर सहज म्हणाले. बीसीजी म्हणजे लहान मुलांना देतात तेच ना? लगेच देतात का?

---

युरो_शिकाऊ

तेच, टीबीच्या लसीतलेच जिवंत पण अशक्त केलेले जंतू, फक्त दंडात नाही तर नळीने पिशवीत सोडतात, आठवड्याला एक असे सहा. १९७६ मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर हे पहिल्यांदा मांडलं आणि अजून त्याला तोड नाही. पुण्यातली सीरम पण यासाठीचं बीसीजी बनवते.

लगेच नाही देत, आणि हे काटेकोर पाळायचं. जखम भरायला किमान दोन आठवडे जाऊ देतात. ताज्या जखमेतून ते जिवंत जंतू रक्तात शिरले तर भलतंच आजारपण. प्रत्येक डोसच्या दिवशीही लघवीत रक्त असेल, ताप असेल किंवा नळी घालताना ओरखडा जाऊन रक्त आलं तर त्या दिवशी डोस नाही, परत या. 'एवढ्या लांबून आलोय, देऊन टाका' असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

---

भूलवाला_नाशिककर

आणि ताई, बाबांना सांगा टेबलवर माझ्यासारखा कुणी बडबड करत असेल तर वैतागू नका. स्पायनलमध्ये माणूस जागा असतो आणि त्याचं बोलणं हेच आमचं सगळ्यात चांगलं मॉनिटर. मी शेतकऱ्याला ऊसाचं विचारतो, बाबांना मागाचं विचारतील. नीट बोलणारा माणूस अचानक चुळबुळ करायला लागला, जांभया द्यायला लागला, उत्तरं भलतीच यायला लागली किंवा खांदा दुखतोय, पोट गच्च झालंय म्हणाला की आम्ही सर्जनला म्हणतो थांबा जरा. पाणी रक्तात चाललंय किंवा पोटात चाललंय, दोन्हीची पहिली बातमी पेशंटच देतो.

---

इचलकरंजीची_लेक

झालं! उशिरा कळवतेय, सॉरी, गडबडच तशी होती.

आधी कल्चर केलं आणि सिस्टरताई, तुमच्या तोंडात साखर पडो, ई कोलाय निघाले. ताप नाही, जळजळ नाही, काही नाही. सर्जननी अँटिबायोटिक देऊन ऑपरेशन नऊ दिवस पुढे नेलं, मी अजिबात भांडले नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून नुसती ऍस्पिरिन ठेवली, आणि हो, कॅप्सूलमध्ये दोन औषधंच होती. बाबांनी मला न सांगता आधीच दोन दिवस अख्खी कॅप्सूल बंद केली होती, 'नाहीतरी करायचीच होती' म्हणून. डोकं फिरलं माझं. डॅपाग्लिफ्लोझिन पण होतं, दुसऱ्याच नावाच्या पट्टीवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, तेही तीन दिवस थांबवलं.

भूलतज्ज्ञ मॅडमना ते वाक्य विचारलं. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या 'तुम्ही डॉक्टर आहात का?' मग सीटी परत काढून बघितला आणि कागदावर डाव्या बाजूला गोल करून ब्लॉक लिहिलं. ऑपरेशननंतर सर्जन स्वतः बाहेर येऊन बोलले. एकदा मांडी जरा थरथरली म्हणे, तेवढंच, पूर्ण गाठ निघाली, किडनीच्या नळीचं तोंड दोन सेंटीमीटर लांब होतं. संध्याकाळी मायटोमायसिन दिलं, मला विचारून नाही, पण मी विचारल्यावर म्हणाले भिंत नीट बघितली, शंका नाही, म्हणून दिलं.

रात्री अडीचला बॅगेत पडणं थांबलं. मी चकती फिरवून सलाइन बंद केलं आणि सिस्टरला उठवायला गेले, त्यांनी दोन गुठळ्या ओढल्या, गोगलगायीएवढ्या. शेजारच्या बेडचे आजोबा सकाळी म्हणाले, पोरगी रात्रभर पिशवीकडेच बघत बसलीय, टीव्ही असल्यासारखी. दुसऱ्या दिवशी कोकम सरबत, तिसऱ्या दिवशी नळी काढली.

बायोप्सी काल आली. टीए (म्हणजे वरच्या अस्तरातच), लो ग्रेड, डेट्रुसर मसल प्रेझेंट, मसलमध्ये काही नाही. तीन महिन्यांनी परत दुर्बिणीतून बघायचं.

आज दहावा दिवस. बाबा सकाळपासून विचारतायत की बाजारापर्यंत स्कूटर नेऊ का, लघवी तर स्वच्छ आहे. जयसिंगपूरकर काकांची बुलेटची गोष्ट दोनदा वाचून दाखवली, म्हणे ती बुलेट होती, ही ऍक्टिव्हा आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि मी उद्या पुण्याला येताना ती घेऊनच येणार.

---

जयसिंगपूरकर

दुसरी किल्ली कुठं हाय ते आईला विचार.